अडीचनंतरची हाक

पिरंगुटवरून उरवड्याला जाणाऱ्या रस्त्यावर, डोंगराच्या अगदी पायाशी, मक्यापासून स्टार्च काढणारा एक कारखाना होता. तिथे दुपारी अडीचनंतर एक पाइप हाक मारायचा. ती हाक आहे हे कारखान्यात फक्त पिराजीला ठाऊक होतं. बाकीचे तिला आवाज म्हणायचे. कॅन्टीनमध्ये त्या पाइपाला 'रडका' असं नाव पडलं होतं आणि पॅकिंगमधल्या बायका त्या बाजूच्या नळावर पाणी प्यायला जायच्या नाहीत.

पिराजी बॉयलरवर होता. वय चौतीस, अंगाने सडसडीत, बोलणं बेताचं. डोंगरावरच्या धनगरवाड्यातून सकाळी सहाला खाली उतरायचा आणि साडेतीनला पुन्हा वर चढायचा. या बॉयलरवर आधी लागला तो त्याचा थोरला भाऊ माउली. त्यानेच शब्द टाकून पिराजीला चिकटवलं. दोघांच्या पाळ्या उलट्या. एक खाली वाफेपाशी, तेव्हा दुसरा वर मेंढरांमागे. असं नऊ वर्षं चाललं. ११ फेब्रुवारी २००६ रोजी, शनिवारी, सकाळी सात वाजून वीस मिनिटांनी ते थांबलं.

त्या दिवशी पाळी पिराजीची होती. पण वाड्यावर लोकर कातरायची होती आणि कातरणीवर पिराजीचा हात चांगला बसलेला, म्हणून माउली म्हणाला, तू राहा, मी जातो. ड्रायर सुरू करायच्या आधी वाफेच्या मोठ्या पाइपात साठलेलं पाणी काढून टाकावं लागतं. त्यासाठी पाइपाच्या पोटाला अर्ध्या इंचाची एक नळी जोडलेली असते. तिला ड्रेन म्हणतात. माउली ड्रेन उघडायला वाकला आणि नळी मुळापासून मोडली. छातीपासून मांडीपर्यंत भाजला. पुण्याच्या दवाखान्यात सहा दिवस काढून गेला. चौकशीच्या कागदावर एक वाक्य आलं : जोड जुना झाल्याने निखळला. मग नवी नळी जोडली गेली, त्या जागेभोवती साखळी आली, पाटी आली, आणि साखळीच्या आत सकाळी एकदा फक्त बॉयलरवाल्याने जायचं असं ठरलं.

दहावं-तेरावं उरकून पिराजी कामावर आला तेव्हा त्याने आधी ती नवी नळी पाहिली. तिच्यावर हात ठेवला. ती थरथरत होती. त्याने स्टोअरमधून बांधायची तार आणली, नळीला चार वेढे दिले, दुसरं टोक मागच्या लोखंडी खांबाला आवळलं आणि पकडीने पीळ भरला. जे भावाच्या नशिबी आलं ते पुन्हा कुणाच्या नको.

त्याच दुपारी पहिली हाक आली.

त्याच्या बापाची हाक वेगळी होती. मुळशीच्या डोंगरातले बाकीचे धनगर मेंढरं वळवताना आधी जिभेने 'र्रर्र' काढतात आणि मग आवाज लांबवतात. पिराजीचा बाप उलटं करायचा. एका दमात ओढलेलं लांब 'हूऽऽऽ', आणि दम संपता संपता टाळूला जीभ लावून 'र्रर्र'. मेंढरं त्या 'र्रर्र'वर वळायची. बापामागे ती हाक माउलीकडे आली. पिराजीला कधी नीट जमली नाही, त्याची जीभ जड. आणि आता ती हाक, तशीच्या तशी, आधी लांब आणि मग थरकती, सहा इंची पाइपातून येत होती. पिराजी बॉयलरपाशी उभा होता. त्याच्या हातातलं पाण्याचं भांडं खाली पडलं.

दादा बोलवतोय, एवढं त्याला कळलं. का बोलवतोय तेही कळलं, असं त्याला वाटलं. पाळी तुझी होती, पिराजी.

अडीचला ड्रायर अर्ध्या तासासाठी बंद होऊन त्याच्या जाळ्या साफ व्हायच्या. मग वाफ लागायची ती नुसती एका टाकीला, नावापुरती. बॉयलरची वाफ साडेदहा किलो दाबाची. ती कंट्रोल व्हॉल्व्हमधून साडेतीन किलोवर उतरून पुढे जायची. वाफेची मागणी घटली की हा व्हॉल्व्ह आपोआप मिटत मिटत जाई आणि दाराच्या फटीएवढाच उघडा राही. तेव्हा पाइप वाजू लागे. अशा वेळी मोठी लाइन बंद करून शेजारच्या लहान बायपासवर जायचं, हा जुना नियम. दोन मिनिटांचं काम. पिराजी नऊ वर्षं ते करत आला होता. आता तो लगेच करेना. आधी एक मिनिट थांबला. मग पाच. शेवटी सतरा मिनिटांवर त्याचं बसलं, कारण त्यानंतर फोरमन चहा घेऊन परतायचा. त्याने पहिली पाळी कायमची मागून घेतली. ती कुणाला नकोच असायची, लगेच मिळाली.

काही महिन्यांनी त्याची बायको सुंदरा भाकरी थापता थापता म्हणाली की वहिनींचं काही कळत नाही. वहिनी म्हणजे उज्वला, माउलीची बायको. माउली गेल्यावर मेंढरं तीच राखत होती. सुंदराचं म्हणणं असं की दुपारची मेंढरं ती कड्याकडच्या टेपाडावर नेते, जिथे गवताची काडी नाही, आणि कारखान्याकडे तोंड करून बसून राहते. पिराजीने भाकरीचा तुकडा तसाच ताटात ठेवला. त्या टेपाडावरून कारखान्याचं पत्र्याचं छत दिसायचं. वारा बरा असला तर ऐकूही यायचं.

त्या दिवसापासून त्याने होता होईतो एक दुपार चुकवली नाही. रजा टाकायचा ती वाड्यावर अगदीच अडलं तर. दीर-भावजय या गोष्टीवर एक अक्षर बोलले नाहीत. तो खालून पाठवत होता आणि ती वर घेत होती.

नोव्हेंबर २००७ मध्ये ऋतिका आली. ती अमरावतीकडची, भुकूमला नव्या इमारतीत भाड्याने राहणारी, पाइप आणि व्हॉल्व्ह तपासून देणाऱ्या एका लहानशा कंपनीत कामाला. देखभाल बघणाऱ्या मनीष सरांनी तिला बोलावलं, कारण वर्षभरात दाबाची सहा घड्याळं काटे तुटून निकामी झाली होती आणि पाइपावरच्या आवरणाचे पत्रे स्क्रू सोडून खाली पडत होते. मनीष सर जळगावचे, जिभेला तिखट. पहिल्याच दिवशी ते तिला म्हणाले की इथे आधी दोनदा नारळ फुटलाय आणि एकदा लिंबू बांधून झालंय. इंजिनिअरच तेवढा राहिला होता.

ऋतिकाने पहिला दिवस पाइपाजवळ फारसा घालवलाच नाही. व्हॉल्व्हवर आणि त्याच्या पायथ्यावर हातातल्या यंत्राने कंप मोजला, आकडे लिहिले आणि मग जुने तक्ते मागितले. दाबाची नोंद कागदाच्या गोल चकतीवर व्हायची. दिवसाला एक चकती, त्यावर शाईचं एक पेन फिरत राहायचं. तिने ऑफिसच्या फरशीवर नव्वद चकत्या मांडल्या आणि चपला काढून त्यांच्यामधून हिंडली. शाईची रेघ दिवसभर बारीक. दुपारी दोन पस्तीस ते दोन बावन्न मात्र ती सुरवंटासारखी फुगलेली. नव्वदातल्या सात चकत्यांवर सुरवंट नव्हता. तिने हजेरीपट मागवला. त्या सातही दिवशी पिराजी रजेवर होता.

मंगळवारी दुपारी एक वाजता ती बॉयलरवर आली, उलट्या ठेवलेल्या बादलीवर बसली आणि तिने पिराजीला सरळ विचारलं की अडीचला बायपासवर का जात नाही.

"इसरतो कवाकवा."

"रोज सतरा मिनिटं? मोजून विसरता?"

पिराजी बॉयलरच्या काचेतल्या पाण्याकडे बघत राहिला. पाणी स्थिर होतं. मग त्याने खरं काय ते सांगितलं, एका वाक्यात, जसं कुणी घरात कुठे काय ठेवलंय ते सांगावं.

"दादा बोलवतो, मॅडम. तेवढा येळ आयकतो."

ऋतिका हसली नाही. वहीत लिहिलंही नाही. तिने कोण दादा, कधी गेला, कसा गेला ते विचारून घेतलं. मग म्हणाली की आज मीही ऐकते.

अडीचला ड्रायर थांबला. दोघं साखळीबाहेर उभे राहिले. पाच मिनिटांनी पाइप आधी गुरगुरला, मग त्याला सूर सापडला. 'हूऽऽऽ.' पायाखालची फरशी जाणवेल न जाणवेल अशी हलत होती. आणि सुराच्या टोकाला, दम संपावा तिथे, 'र्रर्र'. मग पुन्हा पहिल्यापासून. ऋतिकाने यंत्र व्हॉल्व्हवर टेकवलं, पाइपावर टेकवलं, कान लावला, मागे सरली. तिच्या कपाळाला आठी पडली होती.

तिने त्याला समजावलं. कारखाना बांधताना तीन ड्रायर येणार होते. व्हॉल्व्ह तिघांना पुरेल असा घेतला आणि ड्रायर आला एक. तीन गावांच्या पाण्याचा दरवाजा आणि मागणी एका घागरीची, म्हणून दरवाजा सदा किलकिला. वाफ त्या फटीतून भयंकर वेगाने सुटते, व्हॉल्व्हच्या आत आपटते, आणि तो हादरा पाइप पुढे नेतो. मध्येच व्हॉल्व्ह जरा जास्त उघडतो, जरा जास्त मिटतो, म्हणून सूर चढतो आणि तुटतो. व्हॉल्व्हच्या आतला भाग बदलून बारीक भोकांची जाळी असलेला लहान मापाचा घातला की वाफ वाटली जाईल आणि आवाज मरेल.

"आन् शेवटचं?" पिराजीने विचारलं. "ते र्रर्र?"

ऋतिका थांबली. "ते व्हॉल्व्हचं नाही," ती म्हणाली. "ते कशाचं आहे ते मला अजून माहीत नाही."

पिराजीच्या अंगावर काटा आला, आणि त्याच क्षणी त्याला बरंही वाटलं. यंत्र आणलेल्या बाईलाही जे सांगता येत नाही तेवढं तर दादाचं होतं.

"गप नका करू त्याला," तो म्हणाला. गेल्या पावणेदोन वर्षांत त्याने कुणाकडे काही मागितलं नव्हतं. "माज्यासाठी नगं. वैनी वर बसून आयकती."

"पिराजी, पाइप असा हलत राहिला तर माणूस जाईल."

"गेला की."

जाताना तिने एवढंच सांगितलं की गुरुवारी साप्ताहिक सुट्टीला लाइन थंड असेल तेव्हा ती साखळीच्या आतलं सगळं तपासेल, आणि तोवर उद्या तो काय करतो ते त्याच्यावर.

बुधवारी सकाळी ऋतिकाने अपघाताचे कागद वाचले आणि स्टोअरमधून ती मोडलेली नळी काढायला लावली. चौकशीसाठी ठेवलेली, सुतळीने चिठ्ठी बांधलेली, एक वीतभर लांबीची. साडेअकराला तिने मनीष सरांना आणि पिराजीला टेबलापाशी बोलावलं. पिराजीला अशासाठी की ती लाइन त्याच्याइतकी कुणाच्या हाताखालची नव्हती.

पिराजीने ती नळी भाऊ गेल्यानंतर पहिल्यांदा पाहिली. रोज हाताळलेली, पण टेबलावर ती फारच लहान दिसत होती.

ऋतिकाने मोडलेल्या तोंडावर भिंग धरलं. झाडाच्या बुंध्यात असतात तशा बारीक वळ्या होत्या, एकात एक. तिने सांगितलं की जोड जुना नव्हता, वेल्डिंगही वाईट नव्हतं. लोखंड रोज थोडं थोडं मोडत आलं होतं, दोन-तीन महिने, आणि त्या सकाळी शेवटचं मोडलं. मग तिने नळी फिरवली. मोडलेल्या टोकापासून चार बोटांवर रंग घासून गेलेला एक पट्टा होता, नळीभोवती गोल. त्या पट्ट्यात काळे पडलेले, करपलेले धागे चिकटले होते.

"हिला कुणीतरी बांधलं होतं," ती म्हणाली. "दोरीने. बहुतेक मागच्या खांबाला."

मनीष सर म्हणाले की मग चांगलंच केलं होतं की, आधार दिला.

ऋतिकाने मान हलवली. तिने टेबलावरचा फुटपट्टीचा तुकडा घेतला, त्याला पेन्सिल चिकटपट्टीने जोडली, पेन्सिलचं टोक मनीष सरांना घट्ट धरायला सांगितलं आणि स्वतः पट्टी हलवली. चौथ्या-पाचव्या हिसक्याला जोड सुटला. मोठा पाइप हलतो, खांब हलत नाही. नळी मोकळी असती तर पाइपाबरोबर हलत राहिली असती. तसंही तिचं आयुष्य कमीच होतं, पण वर्षानुवर्षं टिकली असती. एक टोक खांबाला अडकवलं की पाइपाची प्रत्येक थरथर थेट तिच्या मुळाला पिळते. ज्याने बांधली त्याला वाटलं असेल आपण वाचवतोय.

मनीष सर म्हणाले, ठेकेदाराचा कोणी वेल्डर असेल, त्या लोकांना दिसेल त्याला दोरी बांधायची सवय असते. आणि ते जेवायला गेले.

पिराजी उभाच होता. बापाचं एक सांगणं होतं : थरथरतं त्याला आधी बांधावं. बिथरलेला घोडा, व्यायला आलेली शेळी, वाऱ्यात फडफडणारी पालाची कनात, सगळ्याला एकच औषध, दावं. २००५ च्या दिवाळीनंतर त्याला ड्रेनची नळी थरथरताना दिसली होती. त्याने घरून दावं आणलं, घायपाताच्या वाखाचं, नवं कोरं. माउलीला दाखवलंही. माउलीने दाव्याची गाठ ओढून पाहिली आणि म्हणाला, झ्याक. दिवाळीनंतर ते फेब्रुवारी. तीन महिने.

तो जेवला नाही. डबा उघडलाच नाही.

अडीचला ड्रायर थांबला. दोन पस्तीसला हाक सुरू झाली. पिराजी रोज बसायचा त्या ओट्यावर बसला नाही. त्याने पकड उचलली, साखळी ओलांडली आणि खांबामागे गेला. इतक्या जवळून त्याने ती कधी ऐकली नव्हती. 'हूऽऽऽ' सगळीकडून येत होतं, पाइपातून, फरशीतून, त्याच्या दातांतून. पण 'र्रर्र' एकाच जागेहून येत होतं. त्याने हात पुढे केला. तार ताणून बसली होती, एकतारीच्या तारेसारखी, आणि सूर टिपेला पोचला की खांबाच्या कोपऱ्यावर फडफडत होती. त्याने बोट ठेवलं. 'र्रर्र' बंद झालं. बोट काढलं. दादा पुन्हा बोलला.

नळी कधीही मोडू शकते हे त्याला कळत होतं. तो नळीच्या मुळासमोरच उभा होता, माउली उभा होता तिथेच. त्याने पकडीत तार धरली आणि पीळ उलटा फिरवायला सुरुवात केली. पावणेदोन वर्षांत तार गंजून एकजीव झाली होती. चौथ्या पिळाला ती तुटली आणि त्याच्या मनगटाला चाटून गेली.

'हूऽऽऽ', पाइप म्हणाला. आणि पुढे काहीच नाही. पुन्हा 'हूऽऽऽ'. टोकाला रिकामं.

अर्धी हाक ऐकणं त्याला सोसवेना. तो धावत व्हॉल्व्हकडे गेला, बायपास उघडला आणि मोठी लाइन बंद केली. दोन एकेचाळीस झाले होते. त्या दिवशीच्या चकतीवर सुरवंट फक्त सहा मिनिटांचा आहे.

मग तो ऑफिसात गेला आणि ऋतिकाच्या वहीवर तार ठेवली.

"ह्यो शेवटचा आवाज," तो म्हणाला. "आन् पयलं दावं बी माजंच."

ऋतिकाने तारेकडे पाहिलं, त्याच्या मनगटाकडे पाहिलं. तिने प्रथमोपचाराची पेटी मागवली आणि स्वतः पट्टी बांधली. मग एवढंच म्हणाली की हे आधी कुणी कुणाला शिकवलंच नाही, तर माहीत कसं असणार. पिराजीला ते ऐकू आलं की नाही कोण जाणे.

गुरुवारी लाइन थंड होती. ऋतिकाने नव्या नळीच्या जोडावर लाल रंग फवारला, पुसला, त्यावर पांढरी भुकटी मारली. पाच मिनिटांनी पांढऱ्यावर एक लाल रेघ उमटू लागली, केसाएवढ्या तड्याची. ती वाढत गेली आणि नळीला एक तृतीयांश वेढा घालून थांबली. पहिली नळी वर्षानुवर्षं हलून आधीच थकलेली होती, ही कोरी होती म्हणून इतकी तगली, ऋतिका म्हणाली.

"रोज सकाळी ही कोण उघडतं?" ऋतिकाने विचारलं.

"मी."

तिघंही त्या रेघेकडे बघत होते. मनीष सरांनी त्या दिवशी एकही विनोद केला नाही.

तडा गेलेली नळी कापून जाड नळी लावली गेली. तिला आधार दिला तो मोठ्या पाइपालाच घट्ट बसवलेल्या पट्टीचा, म्हणजे पाइप हलला तर नळी त्याच्याबरोबर हलेल, त्याच्याविरुद्ध नाही. पिराजीने पट्टीचे बोल्ट आवळले. आवळता आवळता स्वतःशीच म्हणाला की कोकराला कुणी खुंट्याला बांधत नाही, ते आईच्या अंगाला लागून चालतं. हे आपल्याला कसं सुचलं नाही. व्हॉल्व्हच्या आतला भाग मागवला, तो यायला दोन महिने लागणार होते. तोवर अडीचच्या ठोक्याला बायपास, एक मिनिट इकडेतिकडे नाही.

शनिवारी ऋतिकाचा अहवाल आला. पिराजीला वाचता यायचं, पण इंग्रजी नाही, म्हणून त्याने तिला तो भाग मराठीत सांगायला लावला. ती म्हणाली, असं लिहिलंय : दोन्ही वेळा ड्रेनची नळी खांबाला बांधलेली आढळली.

"कुणी बांदली ते न्हाई लिवलं?"

"नाही. त्याची गरज नाही."

पिराजीने ते वाक्य मनात घोळवून पाहिलं. बांधलेली आढळली. जसं काही ती आपली आपणच बांधून घेतली होती. बाई त्याला वाचवत होती हे त्याला कळलं, आणि हेही कळलं की कागदावर नाव नसल्यामुळे आता ते तोंडाने सांगावं लागणार. कागदावर असतं तर कुणाकडून तरी कानावर गेलं असतं.

रविवारी त्याने रजा टाकली. दुपारी दोनला तो कड्याकडच्या टेपाडावर पोचला. उज्वला तिथेच होती, डोक्यावर पदर, मांडीवर टकळी, कारखान्याकडे तोंड. मेंढरं उघड्या कातळावर उगाच उभी होती. तो तिच्यापासून चार हातांवर बसला. खाली पत्र्यांचं छत उन्हात पांढरं दिसत होतं. अडीच वाजले, पाऊण तास गेला, वाऱ्याशिवाय काही आलं नाही.

"चार दिस झालं," उज्वला म्हणाली, त्याच्याकडे न बघता. "हाक न्हाई."

"आता यायची न्हाई, वैनी."

त्याने खिशातून तार काढली आणि दोघांच्या मधल्या कातळावर ठेवली. मग सांगितलं. नळी, पाइप, खांब. तार आधी, दावं नंतर, म्हणजे उलट्या क्रमाने, कारण दाव्यापर्यंत पोचायला त्याला वेळ लागत होता. जी ती ऐकत होती ती हाक या तारेची होती. आणि दादा गेला तो पाळी बदलली म्हणून नाही. आपण ती नळी जनावरासारखी बांधली म्हणून. सांगून झाल्यावर त्याने मान खाली घातली. तिने काय करावं असं त्याला वाटत होतं ते त्याला स्वतःलाच माहीत नव्हतं. तिने दगड उचलून घातला असता तरी तो हलला नसता.

उज्वलाची टकळी थांबली होती. तिने तार उचलून पाहिली, बोटाने वाजवून पाहिली. ती वाजली नाही. सैल तार वाजत नाही.

"दावं कुटलं व्हतं?" तिने विचारलं.

"घरचंच. वाखाचं. दिवाळीत नवं वळलेलं."

"मीच वळलं व्हतं," ती म्हणाली. "चार पदरी. ह्यांनी सांगितलं, भावजीला पायजे, घट वळ."

वारा पडला होता. खाली उरवड्याच्या रस्त्याने एक टेम्पो गेला, त्याचा आवाज वर येईपर्यंत तो वळणाआड झालाही होता. तिने तार पदराच्या टोकात बांधली, एक गाठ, मग दुसरी, आणि उठून उभी राहिली. मेंढरं पांगली होती. त्यांना वळवायची वेळ झाली होती. माउली गेल्यापासून ती त्यांना काठीने वळवत आली होती. आज तिने काठी खाली ठेवली, तोंडाला हात लावला आणि हाक घातली.

'हूऽऽऽ'. लांब, एका दमात, अगदी माउलीसारखी. दम संपला आणि ती थांबली. पुढचं तिला येत नव्हतं.

मेंढरांनी माना वर केल्या. पण एकही वळलं नाही. सगळी तशीच उभी राहिली, उरलेल्या अर्ध्या हाकेची वाट बघत. उज्वलाने पिराजीकडे पाहिलं. त्याने आपली जड जीभ टाळूला लावली. ती कोरडी पडली होती.